तिसऱ्या बटणावरची टिकली

"ताई, ह्या गाडीत हा सेट बसायचा न्हाई," इम्तियाज म्हणाला आणि त्याने खोका परत माझ्याकडे सरकवला.

कराडच्या त्याच्या दुकानासमोर अप्पांची पांढरी गाडी उभी होती. दहा वर्षांपूर्वी शोरूममधून येताना तिच्यात जो कॅसेटचा टेप होता, तोच अजून होता. कॅसेट वाजायची कधीच बंद झाली होती. आवाजाचं एक गोल बटण, खाली रेडिओची सहा बटणं, आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ सांगली केंद्र. मी माझ्या हौसेने सात इंचांचा टचस्क्रीन सेट मागवला होता. त्याला फोन जोडता येत होता, नकाशा दिसत होता, आणि गाडी मागे घेताना मागचं सगळं दाखवणारा कॅमेराही होता.

हौसेला कारणही होतं. साताऱ्याच्या कॉलेजात मला रसायनशास्त्राची कायमची नेमणूक मिळाली होती. सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून मिळालेली, सोमवारी हजर व्हायचं होतं. सकाळी सातची एसटी पकडली तरच पहिला तास गाठता येणार होता. माझा नवरा भरूचला कारखान्यात, दोन महिन्यांतून एकदा येणारा. आमच्या चार वर्षांच्या ओवीला नव्या शाळेत घातलं होतं, ती अकरा किलोमीटरवर, आणि शाळेची व्हॅन आमच्या बाजूला येत नव्हती. तेव्हा ओवीला रोज अप्पांनी गाडीतून सोडायचं आणि आणायचं, असं ठरलं होतं. ते झालं तर नोकरी, नाहीतर नाही. म्हणजे ठरवलं मीच होतं. आई-अप्पा फक्त गप्प राहिले होते आणि मी त्याला होकार समजले होते.

न बसायला काय झालं, असं मी इम्तियाजला विचारलं. जागा अपुरी पडते, वायरी जुळत नाहीत, असं काहीतरी तो पुटपुटला. हातच्या कंकणाला आरसा कशाला, म्हणून मी मोबाइल काढला आणि ह्याच गाडीत हाच सेट बसवतानाचा व्हिडिओ त्याच्या नाकासमोर धरला. त्याने तो शेवटपर्यंत पाहिला. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. मागे आई उभी होती.

"आता काय बोलणार?" मी म्हटलं.

"काय न्हाई. बसवतो," तो म्हणाला.

मला वाद जिंकायला आवडतं. तेव्हा तर फारच आवडायचं.

अप्पा गाडीपासून चार पावलांवर हात मागे बांधून उभे होते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ते सर्व्हेअर होते. धरणाच्या कालव्याला बोटभर उतार कमी पडला तरी त्यांना दुर्बिणीतून कळायचा, असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगतात. आता ते इम्तियाजला एवढंच म्हणाले, "ह्याला गोल बटण नसतं का रे, आवाजाचं?"

"न्हाई काका, सगळं काचंवर. बोट लावायचं फक्त."

"हं," अप्पा म्हणाले.

इम्तियाजने पट्टी घालून डॅशबोर्डची चौकट उचकटली, टेप बाहेर ओढला आणि वायरींसकट हातात धरून उभा राहिला. मग त्याने अंगठ्याने काहीतरी चाचपलं. तिसऱ्या बटणावर मरून रंगाची एक टिकली चिकटवलेली होती. आईचीच, मखमली, जाडसर. पहिल्या बटणावर काडेपेटीच्या काडीचा तुकडा फेविक्विकने लावलेला होता.

मी हसले. आईला टिकल्या आरशावर, फ्रीजवर, दाराच्या कडीवर चिकटवायची सवयच होती. टेपलासुद्धा कुंकू लावलंस का, म्हणून मी तिला चिडवलं. ती हसली नाही. इम्तियाजही हसला नाही. त्याने टेप वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आईच्या हातात दिला, माझ्या नाही.

तासाभराने काच उजळली. मी अप्पांना जवळ बोलावलं, म्हटलं, बघा कसं दिसतंय. त्यांनी वाकून पाहिलं.

"छान उजेड आहे," ते म्हणाले.

इम्तियाजने विचारलं, रंग कुठला ठेवू, निळा का हिरवा. अप्पा म्हणाले, शालनला विचार. आई म्हणाली, ठेव कुठलाही. काम झाल्यावर इम्तियाजने गाडीची किल्ली अप्पांपुढे धरली. अप्पा तसेच उभे. मला वाटलं, रुसलेत. म्हाताऱ्या माणसांचं असंच, जुनी वस्तू निघाली की जीव कासावीस होतो. मग इम्तियाजने किल्ली हलवून वाजवली, तेव्हा अप्पांनी हात पुढे केला.

आई-अप्पा गाडीतून घरी गेले. मी माझ्या स्कूटरवरून, मागे मागे. गाडी चालवायला मी कधी शिकले नव्हते. घरात अप्पांसारखा ड्रायव्हर असताना शिकायचं कशाला?

खरंच, अप्पांच्या शेजारी बसावं आणि डोळे मिटावेत, अशी त्यांची गाडी. त्यात एकच अडचण होती, ती म्हणजे आई. ती गाडीत बसली की तिच्या तोंडाची टकळी सुरू व्हायची ती उतरेपर्यंत. पुढं बैलगाडी आहे हो, डुलत चाललीय. शिवाचं टायरचं दुकान आलं. शाळा सुटली वाटतं, पोरं रस्त्यावर आलीत. हा लाल दिवा. आता गेला. त्या बाईनं काय सुंदर जांभळं लुगडं नेसलंय, आता रस्ता ओलांडील बघा. माझा नवरा तिला आमच्या घरचं धावतं समालोचन म्हणायचा. मी तर कितीदा ओरडले होते तिच्यावर. अप्पा मात्र कधी वैतागायचे नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस ऐकायचं बंद करत असेल, असं मी समजायची.

रविवारी सकाळी शाळेपर्यंत एक चाचणी फेरी मारायची ठरली. सोमवारपासून मी नसणार, तेव्हा अप्पांना नवा सेट नीट शिकवून ठेवायचा होता. मी फडकं घेऊन गाडी पुसायला गेले, तर नव्या काचेवर डाव्या कोपऱ्यात एक टिकली. मरूनच. मी नखाने ती खरवडून काढली आणि काच पुसून लख्ख केली.

आई तयार होऊन पुढच्या दारापाशी उभी राहिली होती. मी म्हटलं, आज तू मागे बस ओवीजवळ, मला अप्पांना बटणं दाखवायची आहेत. ती म्हणाली, मी पुढंच बसते, तू मागून दाखव. मागून कसं दाखवणार? मग ती म्हणाली, आज राहू दे, ऊन फार आहे. सकाळचे साडेआठ वाजले होते. ओवी दप्तर अडकवून नाचत होती. शेवटी अप्पाच म्हणाले, "बस शालन मागं. रस्ता पाठ आहे मला."

आई मागे बसली, पण अप्पांच्या बरोबर मागे, त्यांच्या सीटला दोन्ही हातांनी धरून.

गावातून गाडी नेहमीसारखी लोण्यासारखी गेली. गतिरोधक यायच्या आधी अप्पांचा पाय आपसूक उठत होता. मागून आईचं चालूच होतं. पोस्ट आलं. रिक्षा वळतेय डावीकडून. कुत्रं बसलंय हो, मधेच बसलंय. अप्पांनी कुत्र्याला वळसा घातला. मी इकडे गाणी कुठे, नकाशा कुठे, फोन कसा घ्यायचा हे सांगत होते, आणि अप्पा "हं, हं" करत समोर बघत होते. मी त्यांना म्हटलं, एकदा स्वतः बोट लावून बघा ना. ते म्हणाले, गाडी चालवताना नको. मला ते पटलं.

कालव्याचा पूल ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला. ओवीने तिचं गाणं लाव म्हणून हट्ट धरला. बालवाडीत शिकवलेलं, माकडाच्या टोपीचं. मी ते लावलं आणि आवाज वाढवला. नव्या सेटचा आवाज असा की सीट थरथरायला लागली. ओवी टाळ्या पिटत होती. मागून आई काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते ती?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही हो, तिचं नेहमीचं," मी म्हटलं. आणि मागे वळून आईला म्हटलं, "आई, दहा मिनिटं गप्प बस की गं. गाणं ऐकू दे पोरीला."

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती आणि गाणं तिचं बोलणं गिळून टाकत होतं.

"आवाज कमी कर," अप्पा म्हणाले.

"तुम्हीच करा ना, तेवढंच शिकाल."

त्यांनी हात पुढे केला. जिथे दहा वर्षं गोल बटण होतं तिथे त्यांची दोन बोटं गेली, आणि तिथे काहीच नव्हतं. बोटं काचेवरून घसरली. गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं, नकाशा आला, मग आवाज अजून वाढला. अप्पा काच चाचपत होते, वर, खाली, कडेला. मी हसत होते. हे मला आजही सांगावंसं वाटत नाही, पण मी हसत होते.

मग मी समोर पाहिलं.

उसाची रिकामी ट्रॉली रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिचं मागचं चाक निखळलेलं होतं आणि चाकापाशी एक माणूस आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. अंतर फार होतं असं नाही, पण पुरेसं होतं. कुणीही ब्रेक दाबला असता. मी अप्पांकडे पाहिलं. ते सरळ त्या माणसाकडे बघत होते. चेहरा शांत होता. आणि त्यांचा पाय हलत नव्हता.

मी "अप्पा" म्हणाले की नाही, आठवत नाही. आई सीटवर दोन्ही मुठी मारत होती. मी आठ वर्षांची असताना खात्याच्या जीपमध्ये अप्पांनी मला मांडीवर बसवून सांगितलं होतं, काही झालं आणि मला काही सुचलं नाही तर हँडब्रेकचा हा दांडा ओढायचा. मी तो ओढला, दोन्ही हातांनी.

चाकं किंचाळली. गाडी तिरपी झाली आणि थांबली. त्या माणसाच्या पाठीमागे ठेवलेला पाण्याचा कॅन आमच्या बंपरने आडवा केला होता. कॅन आणि त्याची पाठ यांत एक हात अंतर असेल. पाणी भळाभळा डांबरावर वाहत होतं आणि तो माणूस हातात पाना धरून मान वळवून आमच्याकडे बघत होता. माकडाची टोपी जोरात वाजतच होती.

अप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते म्हणाले, "शालन, काय आहे पुढं?"

मला वाटलं, धक्क्याने बोलताहेत. समोर तर होतं सगळं. ट्रॉली दिसत होती, चाक दिसत होतं, त्या माणसाचा घामाने भिजलेला सदरा दिसत होता.

तो माणूस उठून खिडकीशी आला. पन्नाशीचा, काळासावळा. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"दिसत न्हाय व्हय तुमास्नी?" तो ओरडला.

"नाही," अप्पा म्हणाले.

त्याला ते उद्धट उत्तर वाटलं आणि तो आणखी चिडला. मलाही क्षणभर तसंच वाटलं; अप्पा असे कधी बोलायचे नाहीत, म्हणून मी त्यांच्याकडे वळले. ते त्या माणसाच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसले होते, पण नजर त्याच्या कानाच्याही पलीकडे कुठेतरी होती. त्यांनी परत सांगितलं, अगदी साधेपणाने, जसं कुणी पत्ता सांगतं तसं.

"मला दिसत नाही, बाबा. समोरचं दिसत नाही. चूक माझी आहे."

तो माणूस ओरडायचा थांबला. मी गाणं बंद केलं. मलासुद्धा ती काच तीनदा दाबावी लागली.

मागे एक ट्रक येऊन हॉर्न वाजवू लागला. गाडी रस्त्यात आडवी होती, हलवायला हवी होती, आणि ती चालवता येणारा आमच्यात एकच माणूस होता. मी ओवीला कडेवर घेऊन खाली उतरले. मला परत आत बसणं शक्यच नव्हतं. आई उतरली, पुढे येऊन माझ्या जागेवर बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

ते मी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं. काचेतून आईचे ओठ हलताना दिसत होते, भराभरा, न थांबता. गाडी वीतभर मागे गेली. चाकं वळली. ट्रॉलीच्या कडेने, कॅनला न शिवता, ती अलगद पुढे सरकली, समोरून आलेल्या मोटारसायकलसाठी थांबली, परत निघाली आणि पन्नास पावलांवरच्या बाभळीखाली सावलीत उभी राहिली. इतकी सुबक की मागचा ट्रकवाला हात वर करून गेला. तो धक्का आधीच्या धक्क्यापेक्षा मोठा होता. मघाचं एकदा चुकून झालेलं होतं. हे त्यांचं रोजचं होतं.

अप्पा उतरले, गाडीला हात लावत लावत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

आम्हाला घरी त्याच माणसाने आणलं. त्याचं नाव महादू यमगर. ट्रॉलीपाशी त्याचा साथीदार थांबला आणि तो आमची गाडी चालवायला बसला. मी त्याला पाणी विचारायचं भान ठेवलं नव्हतं. त्यानेच ओवीला खिशातला गुळाचा खडा दिला. आई पुढे बसली होती. पुलाजवळ ती म्हणाली, "पुढं सायकलवाला आहे, डावीकडं जरा." थोड्या वेळाने म्हणाली, "गतिरोधक आला."

"दिसतंय काकू मला," महादू हळूच म्हणाला.

आईने तोंडावर हात ठेवला. घर येईपर्यंत तिने तो काढला नाही.

घरी आल्यावर ओवीला शेजारी सोडलं आणि मी त्या दोघांसमोर उभी राहिले. अप्पा खुर्चीत, आई जमिनीवर. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पोरीचा जीव घेतला असता, त्या माणसाचा घेतला असता, असं बरंच. अप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, झिजलेलं भरून येत नाही. दर दोन महिन्यांनी ते दोघं मावशीकडे म्हणून मिरजेला जायचे, ते खरं तर तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात.

"कडेचं दिसतं गं," अप्पा म्हणाले. "रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात, झाडं दिसतात. मधेच नुसता एक डाग आहे. मधलं ही सांगते."

मग मला एकेक आठवू लागलं. पेपर आई मोठ्याने वाचायची, ते मला म्हातारपणाचं प्रेम वाटलं होतं. ओवीचे फोटो दाखवले की अप्पा "छान" म्हणून फोन लगेच परत द्यायचे. दारात कुणी आलं की ते बोलल्याशिवाय ह्यांचा "या" निघायचा नाही. फ्रीजवरची टिकली मुठीच्या बरोबर वर होती. दाढीच्या क्रीमच्या ट्यूबवर एक होती, दातांच्या पेस्टवर नव्हती. प्रयोगशाळेत मी मुलांना घसा कोरडा करून सांगायची, आधी नीट बघा, मग लिहा.

मग आणखी एक आठवलं. तीन वर्षं म्हणजे कधीपासून, मी विचारलं. ओवी तेव्हा नुकती वर्षाची झाली होती. तिला न्यूमोनिया झाला होता, कोल्हापूरच्या इस्पितळात आठ दिवस काढून आम्ही ह्याच गाडीतून परत आलो होतो.

"तेव्हा?" मी म्हटलं.

अप्पांनी मान आईकडे वळवली.

"तेव्हा तू मला गप्प बस म्हणालीस," आई म्हणाली. "पोर झोपलीय म्हणून. मी गप्प बसले नाही तर केवढी रागावलीस. महिनाभर नीट बोलत नव्हतीस माझ्याशी."

मी खाली बसले.

अप्पा म्हणाले, तुझी ही नोकरी हातची जाईल म्हणून आम्ही ह्या वेळी तोंड उघडलं नाही. आईने मान हलवली.

"तिच्या नोकरीवर नका ढकलू," ती म्हणाली. "तुम्हाला गाडी सोडवत नव्हती. आणि खरं सांगू का वृषाली, मलाही नव्हती. चाळीस वर्षं मी बोलतेय ह्या घरात. त्या गाडीत बसल्यावर पहिल्यांदा ह्यांनी माझा शब्द न् शब्द ऐकला."

अप्पांनी हात पुढे करून जमिनीच्या बाजूला चाचपलं, तेव्हा आईने आपला खांदा त्यांच्या हाताखाली सरकवला.

नोकरीचं म्हणाल तर ती गेली नाही. ओवीला घराजवळच्या नगरपालिकेच्या शाळेत घातलं. माझ्या आईचा हात धरून ती चालत जायची, सात मिनिटांत. हा उपाय पहिल्या दिवसापासून समोर होता. मलाच मोठी शाळा हवी होती. गाडी चार महिने पत्र्याखाली उभी राहिली आणि मग मी ती चालवायला शिकू लागले.

शिकून झाल्यावर पहिल्यांदा ती एकटीने इम्तियाजकडे नेली. आईने जपून ठेवलेला, पेपरात गुंडाळलेला जुना टेप बरोबर होता. म्हटलं, हा परत बसव आणि तो काढ. त्याने कारण विचारलं नाही. चौकट उचकटताना खाली मान घालूनच तो म्हणाला, "काका बरं हायत न्हवं?"

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"आदल्या दिशी काकूंचा फोन आला हुता. म्हणाल्या, माझ्या लेकीला सांग, ह्या गाडीत बसत न्हाई म्हणून. का, ते काय बोलल्या न्हाईत. मी म्हणलं, सांगतो. तर तुम्ही व्हिडिओ दावला." त्याने वायर जोडली. "मग काकांनी किल्ली घेतली न्हाई, तवा आलं ध्यानात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

त्याने मान वर केली. त्याला माझा प्रश्नच कळला नसावा.

"ताई, मला तासाभरात कळलं. तुमी तर घरातल्या. मला वाटलं, तुमाला ठावं आसंलच."

ह्याला नऊ वर्षं होऊन गेली. गाडी आता खिळखिळी झाली आहे, तरी विकलेली नाही. दर दुसऱ्या शनिवारी मी दोघांना घेऊन मिरजेला जाते. अप्पा शेजारी बसतात, हात लांब करून तिसरं बटण बरोबर शोधतात आणि सांगली केंद्र लावतात. आता त्यांना कडेचंही फारसं दिसत नाही. मग मीच बोलत असते. ऊस तोडलाय डावीकडचा, अप्पा. कालव्याला पाणी सोडलंय. पुलाचं काम अजून तसंच आहे. ते सगळं ऐकतात, मधेच कालव्याचा उतार किती ते सांगतात.

आई मागे असते. ती एक शब्द बोलत नाही. गाडी गावाबाहेर पडायच्या आतच ती खिडकीला डोकं टेकते आणि मिरज येईपर्यंत गाढ झोपते.